उस्तवारीचे शब्द

सासूबाईंना पक्षाघाताचा दुसरा झटका आला, तेव्हा एकवीस दिवसांनी त्यांना रुग्णालयातून घरी सोडलं. बिल भरून झाल्यावर डिस्चार्ज कार्ड हातात आलं. औषधांच्या यादीखाली घाईच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘बेडरिडन. आरटी फीड. फोलीज. ग्रेड वन सोअर, सेक्रम. दोन तासांनी पोझिशन चेंज.’ बँकेत तीस वर्षं कागद वाचण्यात गेलेली मी, पण या ओळींचं घरी जाऊन नेमकं काय करायचं, ते मला कळलं नाही. मागे रांग होती. सिस्टर म्हणाल्या, ‘‘ब्युरोची बाई येईल ना, तिला सगळं माहीत असतं.’’ बाई दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आली. तिलाही ‘सेक्रम’ माहीत नव्हतं. माकडहाडाच्या वर जी नुसती लाली होती, तिची आठव्या दिवशी जखम झाली.

पुढची सहा वर्षं आईंचं सगळं करताना मी एक सवय लावून घेतली. कुणीही नवा शब्द उच्चारला की तो पलंगाजवळच्या वहीत लिहायचा आणि लगेच विचारायचं, याचा अर्थ काय आणि मी आता काय करायचं? त्या वहीतल्या आणि नंतर वाचनात आलेल्या शब्दांचा हा आढावा. ‘वय झालं’ एवढं म्हणून आपण त्यात फार काही कोंबून ठेवतो. मग त्यातलं बरं होण्यासारखं काय, टाळता येण्यासारखं काय आणि सोसण्यावाचून गत्यंतर नाही असं काय, हे वेगळं दिसत नाही. नेमका शब्द हाती आला की ते दिसू लागतं, असा माझा अनुभव आहे.

मराठीत या कामाला शब्द कमी नाहीत. काळजी ‘करणं’ आणि काळजी ‘घेणं’ यांत फरक एका क्रियापदाचा. लांबचे सगळे पहिली करतात, घरातलं एखादंच माणूस दुसरी घेतं. ‘उस्तवार’ म्हटलं की खस्ता, जागरणं, अंथरूण-पांघरूण, हगणं-मुतणं काढणं सगळं त्यात आलं. ‘शुश्रूषा’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. बोलणं जड झालेल्या माणसाजवळ बसल्यावर तो अर्थ पटतो : कण्हण्याचा सूर बदलला, भुवईला आठी पडली, तर तेही ऐकावं लागतं. पण हे सगळं करणाऱ्या माणसाला मात्र आपल्याकडे रुळलेलं नाव नाही. ‘केअरगिव्हर’साठी ‘काळजीवाहक’ असं आता छापलं जातं. ‘काळजीवाहू’ हा त्याहून सोपा शब्द, तो वर्तमानपत्रांत मुख्यमंत्र्यांच्या आणि सरकारच्या मागे लागतो. घरात विचारलं तर उत्तर येतं, ‘‘सूनबाई बघतात त्यांचं.’’

आता दवाखान्यातल्या शब्दांकडे. सगळ्यात आधी समजून घ्यावा असा शब्द म्हणजे एडीएल, रोजच्या जगण्यातल्या मूलभूत क्रिया. अमेरिकेत क्लीव्हलंडला सिडनी काट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये सहा क्रियांची मोजपट्टी प्रसिद्ध केली : अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणं, मलमूत्रावर ताबा आणि हातानं जेवणं. काट्झ यांना असंही दिसलं की या क्रिया साधारण याच क्रमानं सुटतात. अंघोळ आधी, जेवण सगळ्यात शेवटी. लहान मूल ज्या क्रमानं शिकतं, त्याच्या उलटा हा क्रम. हातीपायी धड असताना जावं, असं आपली माणसं देवाजवळ मागतात, त्यात याच सहा गोष्टी असतात.

१९६९ मध्ये लॉटन आणि ब्रोडी यांनी दुसरी, वरच्या पायरीची यादी केली : फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं, पैशांचे व्यवहार. हिला आयएडीएल म्हणतात. ती आपल्या घरात वापरताना जपून वापरावी लागते. आजोबांनी जन्मात कधी चहा केला नाही आणि आजी कधी बँकेत गेल्या नाहीत, तर त्यांना ते ‘जमत नाही’ याचा अर्थ काय काढणार? मूळ पट्टीतही पुरुषांना स्वयंपाक, घरकाम आणि कपड्यांचे प्रश्न मोजत नसत. आपण विचारायचं ते एवढंच, की आधी करत होते आणि आता सोडलं, असं काय आहे? बाजारातून सुटे पैसे मोजून आणणारे काका हल्ली पाकीटच दुकानदारापुढे धरतात, ही खूण फार लवकरची असते. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये ‘लासी’ नावाची पाहणी केली. ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक लोकांना त्यात असेच प्रश्न विचारले होते. या मोजमापाचा उपयोग कागदापुरता नाही. जर्मनीनं १९९५ मध्ये आणि जपाननं २००० मध्ये दीर्घकालीन देखभालीचा सक्तीचा विमा सुरू केला. तिथे माणसाला किती मदत लागते याची पायरी ठरवून त्या हिशेबानं सेवा मिळते. आपल्याकडे निदान बाई बारा तासांची लागेल की चोवीस, हे तरी यावरून ठरवता येतं.

या साऱ्या शब्दांत ज्या दोन शब्दांच्या गल्लतीनं सगळ्यात जास्त नुकसान होतं, त्यांच्यापाशी मी थोडी थांबणार आहे. तिसऱ्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, एका रात्री आई पांघरूण ओरबाडू लागल्या. वारलेल्या भावाला हाका मारू लागल्या. मला ओळखेनात. शेजारच्यांपैकी एक जण म्हणाले, ‘‘वय झालंय, चालायचंच.’’ दुसऱ्या बाई हळूच म्हणाल्या, गेलेली माणसं दिसायला लागली की दिवस भरत आले समजायचं. आमचे फॅमिली डॉक्टर आले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘काल दुपारी कशा होत्या?’’ काल दुपारी त्या नेहमीसारख्या होत्या, दूध नासलं म्हणून माझ्यावर चिडल्याही होत्या. ‘‘मग हा डिमेन्शिया नाही. डिलिरियम आहे. आत्ताच्या आत्ता न्यायचं.’’ लघवीला जंतुसंसर्ग झाला होता आणि सोडियम ११८ वर आलं होतं. ते १३५ ते १४५ असावं लागतं. पाच दिवसांनी घरी आल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, ‘‘दूध आलं का?’’

डिलिरियम तासा-दिवसांत येतो, दिवसात कमी-जास्त होतो, आणि त्याच्या मागे बहुधा शोधून काढता येईल असं कारण असतं : जंतुसंसर्ग, सोडियम, पाणी कमी पडणं, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, नवं औषध, शस्त्रक्रिया. काही म्हातारी माणसं त्यात बडबडत नाहीत, उलट गप्प पडून झोपाळतात. ते तर कुणाच्या लक्षातही येत नाही. डिमेन्शिया महिन्या-वर्षांनी उतरत जातो. जुन्या मराठीला हा भेद ठाऊक होता. ‘वात झाला’, ‘वातात बडबडतोय’ असं म्हणायचे ते तापातल्या भ्रमाला, आणि लगेच वैद्याकडे धावायचे. आपण तो शब्द सोडला आणि दोन्हींना ‘वय झालं’ म्हणू लागलो. एका दिवसात माणूस बदलला तर ते वय नव्हे, दुखणं आहे. हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं.

डिमेन्शिया हे एका आजाराचं नाव नाही, आजारांच्या समूहाचं नाव आहे. त्यातला सगळ्यात जास्त आढळणारा अल्झायमर. आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ मध्ये त्याचं पहिलं वर्णन मांडलं. रक्तवाहिन्या तुंबल्यानं होणारा प्रकार वेगळा. भारतात साठीपुढच्यांपैकी सुमारे ८८ लाख जणांना डिमेन्शिया असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. गॅसवर दूध ठेवून विसरणं कुणाचंही होतं. चाळीस वर्षं केलेल्या आमटीत आधी काय घालायचं तेच न सुचणं, हे निराळं. त्याला ‘म्हातारचळ’ म्हणू नये. तो शब्द आजाऱ्याला दोष देतो. ‘सनडाउनिंग’ हाही शब्द कानावर येईल : दिवेलागणीच्या सुमाराला अस्वस्थता वाढते, स्वतःच्याच घरात बसून माणूस ‘‘मला घरी जायचंय’’ म्हणतं. अशा वेळी ‘हेच घर आहे’ असं समजावण्यात अर्थ नसतो. लवकर दिवे लावावेत, सोबत बसावं, घराबद्दल विचारावं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात मोहन आगाशे यांनी स्मृती हरवत चाललेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली आहे. ज्यांच्या घरात हा आजार आहे, त्यांनी तो एकदा सगळ्यांनी मिळून पाहावा. आणि एक तिसरी शक्यता : गप्प राहणारं, जेवण टाकणारं, विसरणारं म्हातारं माणूस नैराश्यातही असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत.

आता डिस्चार्ज कार्डावरचे शब्द. ‘सोअर’ म्हणजे दाबाची जखम, आपल्या बोलीत बेडसोअर. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपून रक्त पोचत नाही, आणि कातडी मरते. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे या तिच्या जागा. सेक्रम म्हणजे त्यातली कंबरेखालची. जखमेच्या बाईंनी (त्या निवृत्त परिचारिका, आठवड्यातून दोनदा ड्रेसिंगला यायच्या) मला पहिली पायरी ओळखायला शिकवली. लालीवर बोट दाबायचं आणि सोडायचं. जागा पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर ठीक. लाली तशीच राहिली तर जखम आत सुरू झाली आहे. सावळ्या रंगावर लाली दिसत नाही. तिथे आजूबाजूपेक्षा गरम लागतं का, टणक किंवा मऊ लागतं का, ते हातानं पाहायचं. अशा जागी तेल चोळून मालिश करायचं नाही, आणि मधे भोक असलेली रबराची चकतीही ठेवायची नाही, तिच्या कडेचा दाब भोवती नव्या जखमा करतो. हवेची गादी लावली म्हणून कूस बदलणं थांबवायचं नाही. हे मला पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर आईंचे चार महिने वाचले असते.

जखमेच्या बाईंनीच ‘ड्रॉ शीट’ शिकवली. जुन्या चादरीची आडवी घडी खांद्यांपासून मांड्यांपर्यंत अंगाखाली राहील अशी घालायची. दोघींनी दोन बाजूंनी तिच्या कडा गुंडाळून मुठीत धरायच्या, एक-दोन-तीन म्हणायचं आणि उचलून सरकवायचं. ‘‘ओढायचं नाही ताई, उचलायचं. ओढलं की कातडी गादीला चिकटून राहते आणि हाड पुढे जातं.’’ जाडजूड आई चादरीसकट अलगद वर सरकल्या, त्या दिवशी माझी कंबरही वाचली.

आरटी म्हणजे राइल्स ट्यूब, नाकातून पोटात जाणारी, अन्न देण्याची नळी. फोली म्हणजे लघवीची नळी. दोन्ही त्या त्या डॉक्टरांच्या नावांवरून पडलेली नावं. नळी असेपर्यंत ती किती दिवसांनी बदलायची आणि मुळात कधी काढता येईल, हे दोन प्रश्न दर भेटीत विचारावेत. आईंची नाकातली नळी गिळण्याचे व्यायाम करून अडीच महिन्यांत निघाली. पाणी पिताना वारंवार ठसका लागणं, जेवल्यावर आवाज ओला होणं, ही गिळण्याची यंत्रणा बिघडल्याची लक्षणं आहेत. घास फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया होतो. म्हणून भरवताना माणूस ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही.

माणसांच्या नावांतही घोळ आहे. ‘नर्स पाठवतो’ असं ब्युरोवाले म्हणतात आणि दारात येते ती बहुतेकदा पेशंटची बाई. जीएनएम म्हणजे तीन वर्षांचा परिचर्येचा अभ्यासक्रम केलेली, एएनएम दोन वर्षांचा, आणि जीडीए म्हणजे काही महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेली सहायक. इंजेक्शन देणं, नळी घालणं ही परिचारिकेची कामं. बाईकडून ती करून घेणं तिच्यावरही अन्याय आहे आणि आजाऱ्यालाही धोका आहे. आमच्याकडच्या मावशींना लिहिता येत होतं, तेव्हा वहीत त्या नोंदी करायच्या : ‘सकाळ. लगवी दोनशे. अर्धी वाटी मऊ भात. हसल्या.’ डॉक्टरांनी एकदा ती वही पंधरा मिनिटं वाचली आणि औषधाची मात्रा त्यावरून बदलली. चोवीस तासांची बाई ठेवली तर ती झोपणार कधी आणि कुठे, तिची सुट्टी कोणत्या वारी, हे पहिल्या दिवशीच बोलून घ्यावं. थकलेल्या हातातून माणूस पडतं.

जागांच्या नावांचं तर विचारू नका. न्यू जर्सीहून माझ्या दिरांचा फोन आला, ‘‘वहिनी, आईला चांगल्या नर्सिंग होममध्ये ठेवायचं का?’’ मला वाटलं, त्यांना आई पुन्हा अत्यवस्थ आहेत असं कुणी सांगितलं. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे गल्लीतलं लहान रुग्णालय, जिथे बाळंतपणं होतात. तिकडे नर्सिंग होम म्हणजे परावलंबी वृद्ध जिथे वर्षानुवर्षं राहतात ती जागा. दोन संध्याकाळी आम्ही एकमेकांवर रुसून होतो, तेही एका शब्दापायी. ‘असिस्टेड लिव्हिंग’ त्याच्या अलीकडचं : स्वतःची खोली, आणि अंघोळीला, औषधांना मदत. ‘डे केअर’ विम्याच्या कागदावर म्हणजे चोवीस तासांच्या आत उरकणारी शस्त्रक्रिया. वृद्धांच्या बाबतीत म्हणजे दिवसभर सोबत आणि देखरेख देणारं केंद्र. वृद्धाश्रम ही तर जुनीच संस्था. पुण्यातली ‘निवारा’ डेव्हिड ससून यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकात उभी राहिली. पण अनेक वृद्धाश्रम हिंडत्या-फिरत्या माणसालाच घेतात. प्रवेशाआधी विचारायचा प्रश्न हा, की अंथरुणाला खिळल्यावरही ठेवाल ना? आरोग्य विमा प्रामुख्यानं रुग्णालयाचा खर्च देतो. २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना लागू झालेली आयुष्मान योजनाही तशीच. बाई, डायपर, हवेची गादी हा खर्च घरचाच.

बँकेच्या काउंटरमागून मी एक गोष्ट वारंवार पाहिली, ती इथे सांगायलाच हवी. वडिलांना डिमेन्शिया झाला की मुलगा मुखत्यारपत्र घेऊन यायचा. पण ते देणाऱ्याची समजशक्ती गेली की साधं मुखत्यारपत्र कायद्यानं संपतं, करार कायद्याच्या कलम २०१ मध्ये तसं आहे. ज्या दिवसासाठी करून ठेवलं, त्याच दिवशी ते निरुपयोगी ठरतं. मग पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयापर्यंत जावं लागतं. निदान झाल्यावर, माणूस शुद्धीत आणि समजुतीत असतानाच, संयुक्त खातं, नॉमिनी, मृत्युपत्र हे सगळं बसून करून घ्यावं.

‘पॅलिएटिव्ह’ हा शब्द ऐकला की घरात रडू फुटतं, कारण ‘आता काही उरलं नाही’ असा त्याचा अर्थ लावला जातो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ अंगावर घ्यायचा झगा. आपण पांघरूण म्हणू. वेदना, धाप, मळमळ, भीती यांच्यावर पांघरूण घालणारा हा उपचार मूळ उपचारासोबतच, आजाराच्या पहिल्या दिवसापासून देता येतो. ‘हॉस्पिस’ मात्र अखेरच्या काळासाठी. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं, आणि मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ मध्ये सुरू झालं, ते भारतातलं पहिलं. केरळात कोझिकोडला १९९३ मध्ये सुरू झालेल्या कामानं ही सेवा स्वयंसेवकांच्या हातून घरोघर नेली. आईंच्या शेवटच्या पाच आठवड्यांत अशाच एका पथकातल्या डॉक्टर घरी येत. उशिरा बोलावलं याची हळहळ अजून आहे.

‘लिव्हिंग विल’ला मराठीत वैद्यकीय इच्छापत्र म्हणावं, म्हणजे मृत्युपत्राशी गल्लत होणार नाही. मृत्युपत्र मालमत्तेचं, मेल्यानंतरचं. हे जिवंतपणीचं : बरं होण्याची आशा नसताना व्हेंटिलेटरसारखे उपाय नकोत, असं शुद्धीत असताना लिहून ठेवणं. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ रोजी ते मान्य केलं आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही पुरते. गोव्यात २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं असं इच्छापत्र केलं. रात्री दोन वाजता अतिदक्षता विभागाच्या दाराशी मुलांनी एकमेकांकडे पाहत उभं राहण्यापेक्षा हे बरं.

राहिला कायदा. २००७ च्या पालक आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह कायद्यात साठ वर्षं झालेली व्यक्ती ज्येष्ठ. प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करून निर्वाहखर्च मागता येतो. मूळ कायद्यात त्याची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये आहे. सांभाळण्याच्या अटीवर घर नावावर करून दिलं आणि नंतर सांभाळलं नाही, तर कलम २३ खाली ते परत मागता येतं. ‘एल्डर लाइन’चा क्रमांक १४५६७. पण या कायद्यातली ‘अपत्य’ची व्याख्या मी पुन्हा पुन्हा वाचली आहे. त्यात मुलगा आहे, मुलगी आहे, नातू-नात आहेत. सून नाही. सून कर्तव्यातून सुटली म्हणून मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. राज्य सरकारच्या निवृत्तिवेतन योजनेचं नावही ‘श्रावणबाळ’. जी रात्री तीनला उठून कूस बदलते, ती ना योजनेच्या नावात आहे ना कायद्याच्या व्याख्येत.

काळजी घेणाऱ्याला नाव आणि हक्क मिळाल्याचं एक उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. केईएम रुग्णालयाच्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे १८ मे २०१५ पर्यंत, तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. पिढ्या बदलल्या, ज्यांनी अरुणाताईंना कधी चालताना पाहिलं नव्हतं अशा मुली त्यांना भरवू लागल्या. इतक्या वर्षांत त्यांना बेडसोअर झाला नाही. जिच्या सासूला आठ दिवसांत झाला, तिला याचं मोल विचारा. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला, की अरुणाताईंच्या वतीनं बोलण्याचा अधिकार कुणाचा? कायद्यात त्याला ‘नेक्स्ट फ्रेंड’ म्हणतात. न्यायालयानं तो मान केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला, कारण रात्रंदिवस काळजी त्यांनी घेतली होती.

वहीतला शेवटचा शब्द ‘रेस्पाइट’. काळजी घेणाऱ्याला ठरावीक वेळ मोकळा मिळावा, तेवढा वेळ दुसऱ्या कुणी जबाबदारी घ्यावी, याला परदेशात स्वतंत्र सेवा मानतात. मराठीत यासाठी ‘उसंत’ हा शब्द तयार आहे. ‘‘काही लागलं तर सांगा हं,’’ असं म्हणून जाणारे पुष्कळ होते, सगळे मनापासून म्हणत. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मात्र वार आणि वेळ सांगितली : मंगळवार, चार ते सहा. त्या आईंजवळ विणकाम घेऊन बसत. मी त्या दोन तासांत बँकेची, औषधांची कामं करी, आणि एका मंगळवारी काहीच काम नव्हतं तेव्हा कोपऱ्यावरच्या बागेतल्या बाकावर डोळे मिटून बसले होते. परत आले तर आई काकूंना लोकरीचे टाके मोजून दाखवत होत्या, आणि दोघींच्याही मोजणीत चूक होती.